सुनेच्या मापाचं पिस्तूल

मसोली,
३ डिसेंबर २०२४

गोपीदादा,

वाकून नमस्कार. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी इकडून ओरडायचं, तू तिकडून "काय? काय?" करायचं आणि मधल्या मध्ये अख्ख्या मसोलीने ऐकायचं. ही गोष्ट मसोलीने ऐकण्यातली नाही, म्हणून चिठ्ठी. देवजी भाजीचा टेम्पो घेऊन रोज उधव्याहून डहाणूला येतो आणि जाताना रिकामा जातो, त्याच्या हाती देते आहे. उत्तरही त्याच्याच हाती पाठव. ह्यांच्या हाती पडलं तर संध्याकाळपर्यंत स्टेशनवर कळेल.

तर मुद्द्याचं. मला एक पिस्तूल घ्यायचं आहे.

पस्तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात हत्यारं दुरुस्त केलीस तू. तुला नाही विचारायचं तर कुणाला? चांगलं पिस्तूल केवढ्याला पडतं? माझ्या मनात दीड लाख आहेत. माझ्या नावावरच्या बारा चिकूंच्या झाडांचे आहेत, तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. तेवढ्यात एकदम अव्वल येईल ना? नेम अजिबात चुकता कामा नये. आणि वजनाला भारी हवं, हातात घेतल्यावर माल वाटला पाहिजे. काय ते फेब्रुवारीच्या आत. नंतर उपयोग नाही.

कशाला ते विचारू नकोस. वसुवहिनीला बोलू नकोस. सोबतचे चिकू दोन दिवसांनी खा, आज कापलेस तर जीभ चिकटेल.

तुझी,
आनंदी


उधवा,
५ डिसेंबर २०२४

आनंदी,

तुझी चिठ्ठी वाचून मी काल जेवलो नाही. वसुमतीला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, तर तिने पेलाभर ओव्याचं पाणी पाजलं. ते सगळं तुझ्या खात्यावर.

काय झालंय ते सरळ सांग. वाडीत चोर शिरतात का? बांधावरून कुणी धमकी दिली? घरात रामनाथरावांशी भांडलीस का? आणि फेब्रुवारीत कोण येणार आहे?

पस्तीस वर्षांत जे पाहिलं ते सांगतो, नीट वाच. सिनेमात पळत्या माणसाच्या हातातला सुरा गोळीने उडतो. आमच्या मैदानावर रोज सराव करणारे धडधाकट हवालदार वीस पावलांवरच्या, जागच्या जागी उभ्या असलेल्या पुठ्ठ्यावर दहा गोळ्या मारायचे आणि त्यातल्या तीन मागच्या मातीत जायच्या. घाबरलेल्या माणसाच्या हातात तेच पिस्तूल दिलं तर पाच पावलांवर भिंत चुकते. हे मी चेष्टेने लिहीत नाही, त्या भिंतीचा पंचनामा पाहिलाय. पिस्तूल दीड लाखाचं असो की पंधरा लाखांचं, ते नेम धरत नाही. हात जिथे होता तिथे गोळी नेऊन टाकतं, एवढंच त्याचं काम.

शिवाय परवाना लागतो. अर्ज, पोलिसांची चौकशी, साहेबांसमोर कारण सांगणं, आणि एवढं करून बहुतेकदा नकार. मिळालंच तर घरात रोज त्याची काळजी. भारी पाहिजे म्हणे! पिस्तूल काय चिकू आहे वजनावर घ्यायला?

चोर असतील तर कुत्रा पाळ. आमच्या कुत्रीला चार पिल्लं झाली आहेत, त्यातलं काळं फार भुंकतं असं वसुमती म्हणते. मला ऐकू येत नाही, पण तिच्यावर विश्वास ठेव. देवजीबरोबर पाठवू का?

ताबडतोब लिही.

दादा


मसोली,
८ डिसेंबर २०२४

दादा,

तुझी चिठ्ठी न्हाणीघरात बसून वाचली आणि इतकी हसले की हे बाहेरून दार वाजवायला लागले, "पडलीस का?" म्हणून. अरे, मी कुणावर गोळी झाडणार? मला साधी पाल मारवत नाही.

आता खरं सांगते. पिस्तूल विनितासाठी आहे. आपल्या विनितासाठी, माझ्या सुनेसाठी!

झालं असं. दिवाळीनंतर विनिता दर शनिवारी दुपारी "शाळेची मीटिंग" म्हणून जायला लागली. जिल्हा परिषदेच्या शाळेत दर शनिवारी कसली मीटिंग? मला काही राहवेना. एका शनिवारी मी तिच्या रिक्षामागे दुसरी रिक्षा लावली. ती उतरली बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याशी. माझ्या मनात नाही नाही ते आलं, खोटं कशाला बोलू. दाराशी लाडकी झाडू मारत होती, आपल्या वाडीत चिकू वेचायला यायची तीच. तिला बाजूला घेतलं तर म्हणते, "बाय, हितं बंदुकीचा किलास हाय. तुमची सून लय भारी नेम धरते. पन पिस्तूल एकच हाय, चौघांत. तेबी हवा सोडतं."

मी आत गेलेच नाही. सुनेच्या पाळतीवर आलेली सासू, आत जाऊन काय सांगू? तशीच परतले. घरी येऊन तिच्या माहेरच्या पेटीतल्या साड्यांना ऊन द्यायचं निमित्त काढलं, तर तळाशी सहा पदकं. कॉलेजात असताना मिळवलेली. सहा वर्षं ती पेटी माझ्या पलंगाखाली आहे, दादा, आणि मला पत्ता नाही. मी तिला भाकरी नीट थापता येत नाही म्हणून बोलत होते.

पुढचं सगळं लाडकीकडून कळलं. तेवीस फेब्रुवारीला ठाण्याला विभागाची स्पर्धा आहे. सहाशेपैकी पाचशे पंचेचाळीस गुण झाले की राज्याच्या स्पर्धेला जाता येतं. पण तिथल्या क्लबचं पिस्तूल बाहेर न्यायला देत नाहीत. ज्याचं स्वतःचं त्यानेच जायचं. म्हणून विनिताने नावच दिलं नव्हतं. ते मी दिलं, लाडकीकरवी.

आता सांग, कुठलं घेऊ? दीड लाखात पाचशे पंचेचाळीस येतील ना? कमी पडत असतील तर आणखी वीस घालते. तिला संक्रांतीचं वाण म्हणून द्यायचं आहे, तोवर तिला काहीच कळता कामा नये. प्रितेशलाही नाही, तिचा नवरा असला तरी. तो रेल्वेत लोकांना गाड्यांच्या वेळा सांगतो, त्याच्या पोटात काही राहत नाही.

आनंदी

ता. क. काळं पिल्लू पाठव. फुकट येतंय तर नाही कशाला म्हणू?


उधवा,
१२ डिसेंबर २०२४

आनंदी,

आज दोन दिवसांचं एकदम जेवलो. आधी सांगितलं असतंस तर ओव्याचं पाणी वाचलं असतं.

तर हे हवेचं पिस्तूल. छर्ऱ्याचं, दहा मीटरवरून कागदावर मारायचं. त्याला परवाना लागत नाही. पावती आणि ओळखपत्र मात्र जपून ठेव, आणि बसमध्ये कुणाला उघडून दाखवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पैशांचं ऐक. देशी पिस्तूल पंधरा हजारांपासून चाळीसपर्यंत मिळतं. नवं परदेशी दीड-दोन लाखांच्या घरात जातं. वापरलेलं परदेशी नीट पारखून घेतलं तर ऐंशी-नव्वदमध्ये येतं, आणि माझ्या मते तेच घे. पण एक गोष्ट डोक्यातून काढ. तू गुण विकत घेत नाहीयेस. बरं पिस्तूल वाळूच्या पोत्यावर टेकवून झाडलं तर पाच छर्रे चण्याएवढ्या एकाच भोकात जातात. देशीचंही भोक फार तर वाटाण्याएवढं. दहा गुणांचं वर्तुळ त्याहून मोठं आहे. म्हणजे पिस्तूल आधीच सहाशे मारतं, राहिलेलं सगळं माणूस चुकतो. मग महागात पैसे कशाचे जातात? चाप दर वेळी तस्साच सुटतो, हवा दर वेळी तेवढीच येते आणि मूठ हातात बसते, त्याचे. साठ छर्रे मारताना सव्वा तास उभं राहायचं असतं. त्यात हातातलं ओझं वाढवून चालत नाही, तेव्हा ते भारीचं वेड सोड.

वापीला एक हार्डवेअरवाले ओळखीचे आहेत. त्यांचा मुलगा खेळायचा, आता परदेशी गेला. पिस्तूल पडून आहे, एक लाख दहा सांगतायत. तू जाऊन बघ. मला यायचं होतं, पण माझ्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख पडली आहे.

तीन गोष्टी केल्याशिवाय पैसे काढू नकोस. हवेच्या नळकांड्यावर तारीख कोरलेली असते ती वाच. दहा वर्षांनी ते बाद होतं आणि नवं महाग पडतं. दुसरं, चाप. नियम असा की त्याने अर्धा किलो उचललं पाहिजे. म्हणजे पिस्तूल नळी वर करून उभं धरायचं, चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवायचं, आणि वजन उचललं तरी चाप सुटता कामा नये. सुटला तर स्पर्धेत घेणार नाहीत. तुझ्या तराजूचं वजन ने. तिसरं ते पोत्यावरचं, पाच छर्रे.

आणि मूठ. मूठ पंजाच्या मापाची येते, लहान, मध्यम, मोठी. विनिताच्या पंजाचं माप लागेल. तिला न कळता कसं घेशील ते तू बघ. पाळत ठेवता येते तर हेही जमेल.

दादा


मसोली,
२९ डिसेंबर २०२४

दादा,

घेतलं!

डोळा कसा आहे? पट्टी निघाली असेल तर स्वतः वाच, नसेल तर वसुवहिनीकडून मोठ्याने वाचून घे. आता तिच्यापासून काय लपवायचं?

देवजीला अर्ध्या दिवसाचं भाडं कबूल केलं आणि टेम्पोत पुढे बसून वापी गाठलं. पायाशी वाळूचं अर्धं पोतं, पिशवीत अर्ध्या किलोचं वजन आणि डब्यात दशम्या. हार्डवेअरवाल्यांना वाटलं, मी रेती विकायला आले.

नळकांड्याची तारीख बघितली. साडेनऊ वर्षं झालेली! तारखेवर फक्त बोट ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, "बेन, आनाथी ओछुं नहीं थाय," म्हणजे याहून कमी होणार नाही. मी म्हटलं, "तो चाय मंगावो, हुं बेठी छुं." मी बसले. चहा झाला, दशम्या झाल्या, देवजीची एक झोप झाली. शेवटी ब्याऐंशी हजारांवर आले. नवं नळकांडं धरूनही लाखाच्या आत बसतंय.

चापाला वजन अडकवलं. तिथला नोकर हसायला लागला. चापाने अर्धा किलो उचललं आणि सुटला नाही. मग त्यांच्या गोदामात पोतं मांडलं, भिंतीला कागद लावला आणि पाच छर्रे मीच मारले. मी! पाचही एका भोकात, दादा, हरभऱ्याएवढ्या. तिथल्या तिथे मला कळलं की ही मुलगी शनिवारी खोटं बोलून का जाते. मलाही दर शनिवारी मीटिंग लागेल असं वाटतंय.

आता माप कसं मिळवलं ते ऐक आणि शाबासकी दे. तुला आठवतं, विनिता लग्न होऊन घरात आली तेव्हा देवघराच्या भिंतीवर तिच्या कुंकवाच्या हाताचा ठसा घेतला होता? अजून तसाच आहे, रंग देताना मी तेवढी जागा सोडायला लावते. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीने पंजा उतरवला, तोच वापीला नेला आणि मुठीवर ठेवून पाहिला. मध्यम माप, बोटाबोटाला बरोबर!

डबा तांदळाच्या पिंपात ठेवला आहे. संक्रांतीची वाट बघवत नाही.

आनंदी


उधवा,
४ जानेवारी २०२५

आनंदी,

डोळ्याने लख्ख दिसतंय. वसुमतीला बत्तीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं, असं म्हटलं, तर पुन्हा ओव्याचं पाणी मिळता मिळता राहिलं.

सौदा उत्तम केलास. पाच छर्रे एका भोकात गेले ते पोत्याने मारले, तू नाहीस, हे लक्षात ठेव. तरी शाबास. देवघराच्या भिंतीवरून माप घ्यायचं मला सुचलं नसतं.

विनिताला एकच सांग, पहिले पंधरा दिवस गुण मोजू नकोस म्हणावं. नव्या पिस्तुलाने आधी कमीच येतात.

दादा


मसोली,
१९ जानेवारी २०२५

दादा,

घोटाळा झालाय आणि तो मी केलाय.

संक्रांतीला वीस बायकांसमोर तिच्या ओटीत डबा ठेवला. तिने उघडला. बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं आणि एकदम रडायलाच लागली. बायकाही रडल्या. कशाला ते निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं. तिने पिस्तूल हातात घेतलं, परत ठेवलं, म्हणाली, "फार सुंदर आहे, आई." मी चार दिवस हवेत होते.

काल शनिवारी उघडपणे तिच्यामागून गेले, लाडकीसाठी तिळगूळ घेऊन. आत डोकावले तर विनिता त्या क्लबच्याच गळक्या पिस्तुलाने मारत होती. माझं कुठे आहे? तर घरी कपाटात! माझा जीव एवढासा झाला. लाडकीला विचारलं. ती म्हणाली, "बाय, ती डाव्या हातानं मारते ना. तुमचं उजव्याचं हाय." मी म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणते, "तुमी कुठं इचारलं?"

ती लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने. नेम तेवढा डाव्या हाताचा. क्लबच्या पिस्तुलाची मूठ साधी, कुठल्याही हाताला चालणारी. आपल्या ह्या मुठीला बोटांच्या खाचा, सगळ्या उजव्याच्या. डाव्या हातात ती धरतासुद्धा येत नाही.

आणि दादा, एक सांगते, ते मला काल दुपारपासून टोचतंय. लग्नात त्या कुंकवाच्या ताटात तिने डावाच हात पुढे केला होता. मीच मनगट धरून बाजूला केला, "अगं उजवा, उजवा" म्हणत. सगळे हसले, तीही हसली. त्या ठशावरून मी माप घेतलं.

विनिता काय म्हणते माहीत आहे? "आई, तुम्ही एवढ्या हौसेनं आणलंत, मी उजव्या हाताने शिकते." पाच आठवड्यांत! मला विकायचंही सुचेना आणि ठेवायचंही. नाव दिलं आहे, तारीख जवळ आली आहे आणि माझ्यामुळे ती होतं तेही घालवून बसेल. काहीतरी सांग.

आनंदी


उधवा,
२१ जानेवारी २०२५

आनंदी,

रडू नकोस. चूक माझीही आहे. मी माप मागितलं आणि कुठल्या हाताचं ते विचारलं नाही. शस्त्रागारात नव्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

उजव्या हाताने शिकायचं नाही, तिला माझं नाव सांगून बजाव. पाच आठवड्यांत नवा हात तयार होत नाही आणि जुना बिघडतो.

मूठ म्हणजे लाकडाचा तुकडा असतो, तो स्क्रूने बसवलेला असतो. तो काढ आणि पिस्तुलासकट देवजीबरोबर पाठव. दुसरी मूठ मी कोरतो. माझ्याकडे चिकूचं एक खोड आहे, चार वर्षं पडवीत वाळतंय. चिकूचं लाकूड इतकं कडक की करवतीचे दात जातात, पण एकदा कोरलं की आकार सोडत नाही. नवा डोळा मिळालाय, तो आणखी कशाला वापरू? वसुमतीकडे किती बघणार?

विनिताला मोदकाची उकड डाव्या मुठीत घट्ट दाबायला सांग, पिस्तूल धरल्यासारखी. तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाल आणि आजच्या आज पाठव.

दादा


उधवा,
२४ जानेवारी २०२५

आनंदी,

आणखी एक मूठ पाठव. पहिली वसुमतीने वाफवली. तिला वाटलं, तू प्रसाद पाठवलास. डब्यावर ठळक लिही: खाऊ नये.

दादा


मसोली,
५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,

विनिताचा नमस्कार. आजवर तुम्हाला सणावारीच भेटले, त्यामुळे पत्र लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण आई म्हणाल्या, "ह्यापुढचं तुझं तू लिही, मला लाकडातलं कळत नाही."

मूठ रविवारी मिळाली. मी हातात घेतली आणि ती कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो तेच कळेना. अंगठ्याच्या मुळाशी जरासं घासतंय, खडूने खूण करून सोबत परत पाठवते आहे. तेवढं उतरवाल का?

तुम्हाला वाटत असेल की ही घरात काही बोलली का नाही. कुणी अडवलं नव्हतं, मामा. लग्न झालं, नोकरी लागली, आणि मला वाटलं की आता हे संपलं. सांगायला गेले असते तर "बरं" म्हणाले असते आणि विसरले असते, त्याचीच भीती होती. आणि संक्रांतीला पिस्तूल पाहिलं तेव्हा ते उजव्या हाताचं आहे हे मला लगेच दिसलं. पण आईंचा चेहरा असा होता की सांगवेना.

क्लबच्या पिस्तुलावर माझे पाचशे बत्तीसच्या आसपास येतात. कधी पाचशे अडतीस. पाचशे पंचेचाळीस कॉलेजात असताना एकदाच आले होते. तुमच्या मुठीने किती वाढतील असं धरून चालू? खरं तेच सांगा.

आपली,
विनिता


उधवा,
८ फेब्रुवारी २०२५

चि. विनितास आशीर्वाद.

अंगठ्याजवळ दोन कागदांएवढं उतरवलं आहे. आणखी उतरवायला सांगू नकोस, लाकूड परत चिकटवता येत नाही.

खरं तेच विचारलंस, बरं वाटलं. तुझ्या सासूने मला कधी खरं विचारलंच नाही, ती आकडा सांगते आणि कबूल करायला लावते. मुठीने गुण वाढत नाहीत. एवढंच होतं, की आजवर तुझे चुकलेले छर्रे चहूकडे जात असतील, ते आता एकाच बाजूला जातील. एका बाजूला गेले की तुला कारण सापडेल. ते कारण तू काढशील तेव्हा चार-सहा गुण मिळतील, ते तुझे, माझ्या लाकडाचे नाहीत.

पंधरा दिवसांत पाचशे चाळीस आले तर मी खूश होईन. त्याच्या वर आलं तर दिवस चांगला होता म्हणायचं. हेच आनंदीला लिहून कळवलं. तिने उत्तर दिलं नाही, त्या अर्थी रागावली आहे.

तुझा,
गोपीनाथमामा


मसोली,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना नमस्कार.

काल रात्रीच लिहायला बसले होते, पण घरात एवढी माणसं आली की चहाचीच भांडी पुरेनात. बाबांनी अख्ख्या मसोलीला सांगितलं. कुणाला काय सांगितलं कोण जाणे, एक काका मला सैन्यात निवड झाल्याबद्दल पेढा देऊन गेले.

तुम्हाला क्रमाने सांगते. सकाळी तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मूठ बराच वेळ फिरवून पाहिली. मग त्या बाईंनी विचारलं, "हे कुठलं लाकूड?" मी म्हटलं, "चिकूचं." त्यांनी शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं आणि शिक्का मारला. चापाला वजन लावलं, तेही पास झालं.

पहिल्या दहा छर्ऱ्यांत नव्वद गुण. दुसऱ्यात एक्क्याण्णव. तिसऱ्यात छर्रे डाव्या बाजूला जायला लागले, सगळेच. एका बाजूला. मला तुमचं वाक्य आठवलं, मी थांबले, खांदा सैल केला, आणि ते आत आले. पन्नास छर्ऱ्यांनंतर चारशे छप्पन्न होते. म्हणजे शेवटच्या दहांत एकोणनव्वद हवे. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या बाकावर आई, बाबा आणि प्रितेश होते. आई हळू आवाजात बोलत होत्या. त्यांचा हळू आवाज तुम्हालाही ऐकू गेला असता. पंचांनी दोनदा शांत राहायला सांगितलं.

नऊ छर्ऱ्यांनंतर ब्याऐंशी. एक उरला आणि सात हवे. सात म्हणजे काही मोठं नाही, सरावात मी सातला हळहळते. पण हात उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मनात काहीच नव्हतं, हाताला लाकूड ऊबदार लागत होतं तेवढं फक्त कळत होतं. आठ.

पाचशे सेहेचाळीस, मामा. मी राज्याच्या स्पर्धेला जाते आहे.

वळून पाहिलं. प्रितेश उभा राहून रडत होता, बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारत होते. आई मात्र भिंतीवरच्या गुणांच्या पाटीकडे बघत, बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मी जवळ गेले, पाया पडायला वाकले, तर मला धरून उभं केलं आणि अगदी काळजीने विचारलं, "अगं, सहाशेतले बाकीचे चोपन्न कुठे गेले?"

सगळे हसले. मीही हसायला लागले आणि हसता हसता तिथेच खाली बसून रडले. आईंना वाटलं, त्यांचं बोलणं मला लागलं. त्या माझी पाठ चोळत म्हणत होत्या, "जाऊ दे, पुढच्या वेळी आणू, चोपन्न म्हणजे काय मोठंसं."

कॉलेज सुटल्यापासून मला कुणी असं विचारलंच नव्हतं. मी शाळेतून वेळेवर आले, भाजी बरी झाली, की सगळे समाधानी. मीही समाधानी. माझ्याकडून अजून चोपन्न येणं बाकी आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, मलासुद्धा.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. पिस्तुलाकडून किती अपेक्षा ठेवायची ते तुम्ही आम्हा दोघींना नीट शिकवलंत, त्याचे उपकार आहेत. पण माझ्या बाबतीत तसलं काही आईंना कृपा करून समजावू नका.

तुमची,
विनिता